सातवा ट्रॅक

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण गेल्या वर्षीपासून उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्या उभ्याच घे. इकडे सगळं ठीक. तुझ्या घशाचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे तोंडातून शब्द काढायची बंदी केली आहे, असं तुझ्या मॅनेजरकडून कळलं. तुला गप्प बसवणारा माणूस एकदाचा भेटला म्हणायचा. आई असती तर तिने त्या डॉक्टरला घरी जेवायला बोलावलं असतं.

पत्र बघून दचकला असशील. अकरा वर्षांत मी तुला एका ओळीचा निरोप पाठवला नाही, आणि आता एकदम पाकीट. पण फोनवर काही लिहिलं तर ते आधी मॅनेजर वाचतो. पाकीट तो फोडणार नाही. फोडलंच तर वहिनी फोडेल आणि ती वाचून तुझ्यासमोर ठेवेल, एवढा विश्वास मला तिच्याबद्दल अजून आहे.

मी अजून त्याच दवाखान्यात आहे. कान तपासायची खोली. चार बाय चारची बंद पेटी, आत खुर्ची, पेशंटच्या कानाला हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून काचेतून बघत बारीक आवाज सोडते, त्याला ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. म्हातारे लबाड असतात. आवाज ऐकू येत नाही, मग माझा हात कधी हलतो ते बघून बटण दाबतात. तूही तेच करायचास. रेकॉर्डिंगला टेक चांगला झाला की वाईट हे तू कधी स्वतः ऐकून ठरवलं नाहीस, काचेतून माझं तोंड बघायचास. म्हणून तर कॅसेटच्या कव्हरवर माझ्या नावाच्या जागी ‘कान : धाकटी’ असं छापायला लावलंस. लोकांना ती गंमत वाटायची. मलाही वाटायची.

आता कामाचं. तुझे गाण्यांचे नऊच्या नऊ संग्रह एका पेटीत घालून कंपनी बाजारात आणते आहे, तीस वर्षांचं सगळं काम, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मूळ टेपा माझ्या कपाटात होत्या. गेल्या आठवड्यात कंपनीची इंजिनीअर येऊन त्या घेऊन गेली. तिशीची मुलगी, दहा बोटांत नऊ अंगठ्या, पण टेपेला हात लावताना सगळ्या काढून खिशात ठेवल्या. तेव्हाच मी म्हटलं, हिला काम येतं.

तिला आपली वही पण हवी होती. लाल पुठ्ठ्याची, शिंप्याच्या दुकानामागच्या आपल्या खोलीतली. कुठल्या टेपेवर काय, आठ ट्रॅकपैकी कुठल्या ट्रॅकवर कुणाचा आवाज, आणि शेवटचा रकाना, ‘पुसणाऱ्याची सही’. हा रकाना तिने कुठेच पाहिला नव्हता म्हणे. मी तिला सांगितलं, हा आमच्या दादाचा कायदा. टेपा कमी, गाणी जास्त, रोज काहीतरी पुसूनच पुढे जायचं. मग ‘माझा आवाज कुणी पुसला’ यावरून तुंबळ व्हायची. म्हणून तू नियम केलास की जो पुसेल त्याने सही करायची, मग भांडण नाही. वही मी तिला दिली नाही. मीच बघून प्रत्येक गाण्याखाली कोणी काय केलं ते लिहून देते, असं म्हटलं. ती पुस्तिका पेटीत जाणार आहे. वीस तारखेला, शुक्रवारी चार वाजता मजकूर छापायला जातो.

एक किरकोळ गोष्ट. ‘उंबरा’ या गाण्याच्या टेपेवर, सातव्या ट्रॅकवर, अगदी शेवटी चारेक सेकंद एका बाईचा आवाज आहे म्हणे. बाकी अख्खा ट्रॅक कोरा. ती मुलगी त्याच्या मागेच लागली आहे, ही कोण, ही कोण. मी म्हटलं, जुन्या टेपांवर असं काहीबाही राहतं.

आणि दुसरं असं की, पहिल्या दोन संग्रहांत तुझ्या तेव्हाच्या जोडीदाराचा, पान्याचा आवाज आहे, त्यामुळे कंपनीला त्याची सही लागेल. ती मिळाली नाही तर ते दोन संग्रह पेटीतून वगळावे लागतील, आणि पहिले दोन नसलेली पेटी ही कसली पेटी. मॅनेजरने त्याला दोनदा फोन केला, त्याने दोनदा ठेवून दिला. तू म्हणत असशील तर मी जाऊन बघते. तुझं उत्तर आल्याशिवाय जाणार नाही.

घशाची काळजी घे. कुजबुजूसुद्धा नकोस, कुजबुजण्याने जास्त ताण पडतो, हे माझ्या खात्यातलं ज्ञान.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

तुझी चिठ्ठी मिळाली. अकरा वर्षांनी उत्तर आणि तेही तीन ओळी. बोलायची बंदी आहे, लिहायची नव्हती, पण असो. ‘टेपा दिल्यास बरं केलंस. त्या बाईचा आवाज पुसून टाकायला सांग, लोक उगाच कथा रचतील. पान्याची सही काढ, मी त्याच्या दारात जाणार नाही.’ अक्षर अजून तसंच आहे, शाई कागदाच्या मागे उमटेपर्यंत दाबून लिहायचं.

काल पान्याकडे जाऊन आले.

तू त्याला चोवीस वर्षांत पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. केस गेलेत, पोट आलंय, हात मात्र तेच. लिफ्टच्या कंपनीत लागला तो लागलाच, आता बारा माणसं त्याच्या हाताखाली आहेत. नाव काय पडलं होतं बघ, वडिलांच्या गॅरेजमधून आला म्हणून आपण पाना म्हटलं, आणि शेवटी पानेच फिरवत बसला. तो मला एका चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर भेटला, लिफ्टचं मशीन असतं त्या खोलीत. मधूनमधून मोठं चाक फिरायचं, दोर सरकायचे, आणि आम्ही दोघं थांबायचो. गंमत म्हणजे तो अजून मोजून थांबतो. बरोबर चार ठोके, मग पुढचं वाक्य.

चहा दिला. आईची चौकशी केली. मी सांगितलं, जाऊन सहा वर्षं झाली. तो म्हणाला, “माहिती आहे. आलो होतो. फाटकाबाहेर उभा होतो.” हे मला माहीत नव्हतं, दादा. तुला होतं का?

मग मी कागद पुढे केला. त्याने तो सगळा वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाला, “तुझ्या भावानं तेव्हा मला न विचारता माझा आवाज काढून टाकला. तेव्हा सही लागली नाही, मग आता कशाला?”

तू हे वाचून आता उठून उभा राहिला असशील. उलट्या बोंबा म्हणत असशील. स्वतःच ‘माझं काढा’ म्हणून निघून गेला आणि आता माझ्यावर ढकलतो, असंच ना? थांब. बसून घे. त्याचं मी पुढे सांगते.

आधी अकरा वर्षांपूर्वीचं सांगते, कारण तू मला त्याबद्दल एकदाही विचारलं नाहीस. मोठ्या मैदानावरचा तो कार्यक्रम. मी मध्यभागी मिक्सरवर. ‘मीठ’ सुरू झालं. तोवर तेरा वर्षं प्रत्येक कार्यक्रम त्याच्यावरच संपत होता आणि लोक त्याचीच वाट बघत असायचे. तू ओरडलास, “मीठ कुणाचं?” मैदान म्हणालं, “घरचं!” तू ओरडलास, “जीभ कुणाची?” मैदान म्हणालं, “भाड्याची!” आणि माझ्या टेबलापासून दहा पावलांवर पाना उभा होता. सोबत त्याची मुलगी, तेव्हा अकराची असेल. ती उड्या मारत होती आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडत होती, “भाड्याची! भाड्याची!” तिला शब्दन् शब्द पाठ होता. गाणं कुणावर लिहिलंय ते तिला माहीत नव्हतं, त्याने सांगितलेलं नव्हतं. तो तिचा हात धरून उभा होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मैदानाबाहेर चालत गेले. पुढची सहा मिनिटं तुझा आवाज फुटत राहिला आणि कुणी सावरला नाही. दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, “घरात दुसरा पाना निघाला.” तोंडात मूग धरून बसायची सवय मला त्याच्या आधीपासूनची.

काल मी त्याला विचारलं, मुलीला आता तरी सांगितलंस का? म्हणाला, “काय सांगू? ज्या माणसाची गाणी तुला आवडतात, त्याला तुझा बाप आवडत नाही, असं?”

कागद घेऊन परत आले. सही नाही.

कंपनीच्या मुलीचा आज फोन आला होता. तुझा निरोप मी तिला दिलेला नाही. ती म्हणते, बाईचा आवाज तिने स्वच्छ केला, एक पूर्ण ओळ आहे, आणि ओळ चांगली आहे. “मॅडम, ही ज्यांनी म्हटली त्यांना ताल होता,” असं म्हणाली. मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या बंद पेटीत जाऊन बसले. तिथे काही ऐकू येत नाही. पेशंट बाहेर ताटकळत होता.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एका जागेपर्यंत येते आणि पेन दुसरीकडे वळतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं माझं कसब तुला ठाऊक आहे. आजही लपवलंच आहे. तुझ्या लक्षात आलं असेल, तुला टेक ऐकू येत नाही, पण माणसाचं तोंड वाचता येतं. हे पत्र तू माझं तोंड समजून बघ.

वहिनीला आठवण सांग.

धाकटी

१६ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

तुझी दुसरी चिठ्ठी शनिवारी आली. ‘पान्याला म्हणावं, कुणी कुणाला काढलं ते सगळ्या जगाला माहीत आहे. सही करायची नसेल तर राहू दे. त्याला त्याचं लखलाभ. पेटीत पहिलं गाणं मीठ घ्यायला सांग.’

शुक्रवारला चार दिवस आहेत. आता मी भांडं पुढे ठेवते. एका दमात वाच, मध्ये उठू नकोस.

पान्याने स्वतःचं काढायला सांगितलं नव्हतं. तूही काढलं नव्हतंस. ‘उंबरा’वरचा पान्याचा आवाज मी पुसला.

आता कसा ते ऐक. चोवीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. तिसऱ्या संग्रहाची सगळी गाणी झाली होती, दुसऱ्या दिवशी मोठ्या स्टुडिओत शेवटचं मिक्सिंग होतं. तू दुपारी कव्हर छापणाऱ्याकडे गेलास. पाना त्याच दुपारच्या गाडीने दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगला परगावी निघाला होता, त्याला नोकरीचं पत्र आलं होतं आणि आपण दोघांनी त्यावरून त्याची थट्टा केली होती. मी खोलीत एकटी होते. पुढे शिंप्याची मशीन चालू होती.

मी वीस वर्षांची होते, दादा. तीन वर्षं काचेच्या अलीकडे बसून तुमचं ऐकत होते. घरी भांडी घासताना माझ्या डोक्यात ओळी चालायच्या. त्याच्या महिनाभर आधी मी तुला म्हटलं होतं, मला चार ओळी दे, कुठल्याही गाण्यात, मागे कुठेतरी. तू हसलास. वाईट हसला नाहीस, लाडानेच हसलास. म्हणालास, “तुझं काम कान. तोंड आमचं.” पानाही हसला. मीही हसले. त्या रात्री मी सोळा ओळी लिहिल्या.

तर त्या दुपारी मी ठरवलं, एकदा ऐकून बघू. कुणाला दाखवायचं नाही, लगेच पुसायचं. ‘उंबरा’च्या तिसऱ्या कडव्याशी आठवा ट्रॅक मोकळा होता, तिथे म्हणायचं. सातव्यावर, त्याच जागी, पान्याच्या सोळा ओळी, नोकरीच्या धावपळीत त्या संग्रहात त्याच्या तेवढ्याच होत्या. आपल्या मशीनवर प्रत्येक बटणाशी लाल दिवा होता, ज्या ट्रॅकवर भरायचं त्याचा पेटायचा. सातव्याचा दिवा गेलेला. मी तुला दोनदा म्हटलं होतं बदलून घेऊ, आणि तू म्हणाला होतास, “सात आणि आठात कोण चुकतंय?”

मी चुकले. कानात फक्त ताल ठेवला होता, पान्याचा आवाज बंद करून ठेवला होता, कारण त्याच्यासमोर मला लाज वाटली असती. बटण दाबलं. दिवा पेटला नाही, ते माझ्या लक्षातही आलं नाही, मला कागद बघायचा होता. सोळा ओळी म्हटल्या, न अडखळता. मागे नेऊन ऐकलं. आणि दादा, मला ते आवडलं. तेवढी दोन मिनिटं मी त्या खोलीत अशी बसले होते, जशी नंतर कधीच कुठे बसले नाही. मग सगळे ट्रॅक एकत्र लावले आणि पाना ऐकू येईना.

टेपेला परतीचा रस्ता नाही. गेलं ते गेलं. मी वेड्यासारखी आठही ट्रॅक एकेक करून ऐकले. मग माझा आवाज पुसायला घेतला. शेवटाला आले आणि गल्लीत तुझ्या स्कूटरचा आवाज आला, हात थांबला. तीच ती चार सेकंदं. तू आलास, ऐकलंस आणि विचारलंस, “पान्याचं कुठाय?” त्या क्षणी खरं बोलले असते तर तू मला फार तर दोन शिव्या घातल्या असत्यास, पाना आल्यावर त्याने परत म्हटलं असतं, आणि पुढच्या वर्षी आपण त्यावर हसलो असतो. माझ्या तोंडातून निघालं, “तो गाडीला जाता जाता येऊन गेला. म्हणाला, नोकरीत असलं काही चालत नाही, माझं नाव नको, आवाज नको. त्यानंच पुसायला लावलं.” तू वही उघडलीस. “सही कुठाय त्याची?” मी म्हटलं, “रागात होता, तसाच गेला.” तू वही मिटलीस. तुझा चेहरा मी काचेतून इतक्या वेळा पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत तू त्या जागी स्वतःचं कडवं लिहिलंस, दुसऱ्या दिवशी स्टुडिओत म्हटलंस आणि संग्रह एकाच आवाजात बाहेर पडला.

पाना परत आला. दुकानात कॅसेट घेतली, ऐकली आणि तडक माझ्याकडे आला, तू नव्हतास. त्याला मी म्हटलं, “दादानंच काढलं. कंपनीला एकच आवाज हवा होता.” पहिलं खोटं भीतीने बोलले. दुसरं पहिल्याला टेकू म्हणून. दोघंही इतके मानी की एकमेकांना एक शब्द विचारला नाहीत. मी रोज वाट बघायचे, आज विचारतील, आज मी सुटेन. मग चार महिन्यांनी तू ‘मीठ’ लिहिलंस आणि रस्त्यात, दुकानात, रिक्षांत तेच वाजायला लागलं. त्यानंतर मी काय बोलणार होते? त्या गाण्यावर तू मोठा झालास. मी बटण दाबून ते रेकॉर्ड केलं, दादा. एकोणीस टेक. प्रत्येक वेळी तू काचेतून माझ्याकडे बघितलंस आणि मी मान हलवली, अजून राग हवा.

आई शेवटपर्यंत विचारायची, “तो पाना का गं येत नाही?” मी म्हणायचे, कामात असेल.

काल, रविवारी, मी त्याच्या घरी गेले आणि हे सगळं त्याला सांगितलं. तुझ्या आधी त्याला, कारण चोवीस वर्षं शिव्या त्याने खाल्ल्या. तो स्वयंपाकघरात नळाचा वायसर बदलत होता. ऐकताना त्याने हात थांबवला नाही. सगळं झाल्यावर नळ उघडून बघितला, बंद केला आणि म्हणाला, “म्हणजे त्यानं काढलं नव्हतं?” मी म्हटलं, नाही. तो खाली बसला, तिथेच, ओल्या फरशीवर. जुना वायसर बोटांत फिरवत म्हणाला, “मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणालोय तुला कल्पना नाही. तो निदान तोंडावर, चारचौघांत म्हणत होता. मी तर गपचूप.”

मग म्हणाला, “तू जा आता.”

मी चपला घालत होते. तो दारापर्यंत आला. मी विचारलं, त्या ओळी आठवतात का? म्हणाला, एकही नाही. दार अर्धं लावलं आणि फटीतून, माझ्याकडे न बघता, चार ठोके सोडून म्हणाला:

मीठ तिच्या हातचं, ऋण माझ्या माथी,
आवाज दोन असले तरी आई एकच पाठी.

पुढचं खरंच आठवत नाही म्हणाला. तू त्या ओळी दोनदा ऐकल्या होत्यास, रेकॉर्ड करताना. तुझ्या ‘मीठ’मधला मिठाचा खडा कुठून आला ते तुला कधी कळलं नाही, मला पहिल्या टेकलाच कळलं होतं.

आता माझ्या हातात काय आहे आणि मी काय केलं ते लिहिते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की धाकटीने परत न विचारता काहीतरी पुसलं.

कंपनीच्या मुलीला मी आज सांगितलं की तो आवाज माझा आहे आणि तो पुसायचा नाही. ती ओळ अशी आहे: ‘ऐकत बसणारीलाही असतं एक तोंड.’ तू म्हणालास पुसून टाका. दादा, तुझं आजवर सगळं ऐकलं, हे नाही ऐकणार. पेटीत घालायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण टेपेवर राहील.

पुस्तिकेचा मजकूर मी लिहून ठेवला आहे. ‘उंबरा’खाली आणि ‘मीठ’खाली जे घडलं ते, चार ओळींत, माझ्या नावाने. शुक्रवारी चार वाजता तो जाईल. ‘मीठ’ पेटीत ठेवायचं की काढायचं, पहिलं ठेवायचं की शेवटचं, ते तुझं गाणं आहे, तू बघ. पण ते जिथे असेल तिथे खाली ती चार वाक्यं असतील. मॅनेजरला सांगून मला थांबवता येईल, मला माहीत आहे. थांबवलंस तर मी भांडणार नाही. मी तो मजकूर पान्याच्या मुलीला नेऊन देईन. तिला तरी खरं कळायला हवं की ती कुणाविरुद्ध ओरडत होती.

तुला काय वाटेल याची मला अजूनही त्या दिवशीइतकीच भीती वाटते. चव्वेचाळीस वर्षांची झाले तरी. माझ्यामुळे तुझा मित्र गेला. तुझं सगळ्यात मोठं गाणं माझ्या खोट्यावर उभं आहे. क्षमा माग म्हणून कुणी सांगितलं नाही, मी मागते. देणं न देणं तुझ्याकडे.

पान्याचा आज सकाळी निरोप आला. सही करतो म्हणाला, पण कागद मी नेलेला चालणार नाही, तू आणायचास. मी म्हटलं, दादाला अजून दोन आठवडे बोलायची बंदी आहे. तो म्हणाला, “मग उत्तमच. बोलून आम्ही काय दिवे लावले? येऊन बसू दे. मी चहा करतो.” गुरुवारी तो दिवसभर घरी आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. लिफ्ट नाही, तिसरा मजला, त्यावरून मी त्याला आधीच बोलून घेतलं आहे.

वही या पाकिटासोबत पाठवते आहे. पान एकसष्ट उघड. ‘उंबरा’, टेप क्रमांक अकरा, ट्रॅक सात, ऑगस्ट. शेवटचा रकाना तुझ्या कायद्याप्रमाणे चोवीस वर्षं रिकामा होता. आज भरला आहे. शाई नवी आहे, म्हणून वेगळी दिसेल.

पुसणाऱ्याची सही :
धाकटी